नलूताईचा सत्कार

“बंद कर! बंद कर मेल्या तां मशीन! चांगलो माल उकिरड्यात टाकतंस आणि वर दात काढतंस?”

गोरेगावचा तो प्रदर्शनाचा हॉल एवढा मोठा, की एका टोकाला चहा प्यायला तर दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत परत तल्लफ यावी. कचऱ्याच्या धंद्यातली झाडून सगळी मंडळी जमली होती. अंगात सूट, गळ्यात नावाचे पट्टे, हातात गुळगुळीत माहितीपत्रकं. आणि त्या गर्दीच्या मधोमध, एका परदेशी मशीनसमोर, पाच फुटांना दोन बोटं कमी अशी एक बाई पदर खोचून उभी होती आणि ओरडत होती. आवाज असा, की तिकडे बोरिवलीच्या जंगलात बिबट्याने तोंडातलं कुत्रं खाली ठेवलं. तुम्ही म्हणाल, विजू, गोरेगाव कुठे, बोरिवली कुठे. मी म्हणतो, बिबट्याला विचारा.

मशीन मोठं नामांकित होतं. पट्ट्यावरून रिकाम्या बाटल्या यायच्या, वरचा दिवा त्यांना बघायचा, कुठली कुठल्या प्लास्टिकची ते ओळखायचा आणि हवेचा फुत्कार मारून प्रत्येकीला आपापल्या खोक्यात उडवायचा. लोक लग्नातली आतषबाजी बघावी तसे बघत होते. मशीन विकणारा तरुण गोड हसून म्हणाला, “मॅडम, सेन्सर आहे. चुकत नाही.”

“सेन्सर असांदे नायतर तुझो सासरो असांदे. इकडे ये.”

तिने नापास मालाच्या खोक्यात कोपरापर्यंत हात घातला आणि एक बाटली काढली. मानेपासून बुडापर्यंत रंगीत वेष्टन घातलेली. अंगठ्याच्या नखाने तिने ते वेष्टन वरपासून खालपर्यंत टराटरा फाडलं. आतून काचेसारखी स्वच्छ बाटली निघाली.

“अंग एका जातीचं, झगा दुसऱ्या जातीचा. तुझं मशीन झगा बघतंय. अंग कोण बघणार? तुझा काका?”

आणि त्या मऊ गालिच्यावर तिने फतकल मारली, खोकं मांडीशी ओढलं आणि बाटल्या सोलायला घेतल्या. नापास खोक्यातून पास माल निघतच राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या बिचाऱ्याने मशीन बंद केलं आणि शेजारी उकिडवा बसून तिच्याकडून शिकायला लागला. माझ्या मते त्याने त्या दिवशी पहिल्यांदा बाटली हातात घेतली.

गर्दीत अय्यर उभा होता. बाटल्यांपासून धागा काढणाऱ्या एका मोठ्या कारखान्याचा खरेदीप्रमुख. जन्म मुलुंडचा, त्यामुळे मराठी तुमच्याआमच्यासारखं. त्याने मला विचारलं, “ह्या बाई कोण?”

“ह्या? आमच्या मंडळाच्या नलूताई,” मी छाती फुगवून म्हणालो. जसं काही मीच तिला घडवलं होतं.

माझा धंदा सांगितला पाहिजे. लग्नं जमवणारे असतात ना, तसा मी कचरेवाल्यांच्या गाठीभेटी जमवतो. भंगारवाले, प्लास्टिकचे दाणे पाडणारे, मशीनवाले, कारखानदार, अधिकारी, ह्या सगळ्यांना एका छताखाली आणायचं, गळ्यात पट्टे घालायचे, स्टेजवर भाषणं, बाहेर बुफे, आणि मध्ये जे काय जुळेल ते जुळेल. उपनगरातल्या अशा धंदेवाल्यांचं एक मंडळ आहे, त्याचा मी कायमचा चिटणीस. निवडणूक कधी झाली नाही, कारण दुसरं कोणी उभंच राहत नाही.

नलूताईचा, म्हणजे नलिनी परबचा, जोगेश्वरी पूर्वेला गाळा होता. नवऱ्याने चालू केलेला, आणि नवरा गेल्यावर तिने वाढवलेला. तिच्या हाताखाली अकरा बायका, आणि तो काही नुसता बायकांचा घोळका नव्हता. पहिली झाकण काढायची, दुसरी मानेची रिंग तोडायची, तिसरी कागद सोलायची, चौथी बुड बघायची, अशी ती साखळी. वीस वर्षं एकत्र काम करून त्यांचे हात असे बसले होते, की एकीला शिंक आली तर पुढच्या दहाजणी थांबायच्या. त्यातला तिचा उजवा हात म्हणजे शोभा. नलूताई दोघींच्या वाटचं बोलायची आणि शोभा दोघींच्या वाटचं गप्प बसायची.

नलूताईची भाषा रागावली की मालवणी, खूश झाली की मालवणी, आणि अधल्यामधल्या वेळी मराठी. अधलीमधली वेळ फारशी यायची नाही.

तिचा विश्वास फक्त हातावर. डोळ्यावरसुद्धा नाही. वस्तू दिसली की वाकवून बघायची, नखाने टिचकी मारून आवाज ऐकायची. हॉलमध्ये आली की आधी खुर्ची वाकवायची, मग बसायची. मी नवा चष्मा घेतला तेव्हा “बघू” म्हणून हातात घेतला आणि दांडी अशी मुडपली की तुकडे झेलायला मी दोन्ही हात पुढे केले. “चांगला आहे. फसवलं नाय तुला,” म्हणून परत दिला. दुकानदारापेक्षा मला तिच्या शब्दाचा जास्त आधार वाटला.

बाटल्यांचं तिचं शास्त्र साधं होतं. बुडाला टिंब असेल तर एक जात, आडवी शिवण असेल तर दुसरी. दिसायला दोघी सारख्या, दोघी पारदर्शक. पण दुसरीचे मूठभर तुकडे पहिलीत मिसळले तर भट्टीतला सगळा माल पिवळा पडतो, काळे ठिपके धरतो, फेकून द्यावा लागतो. शिकलेले लोक म्हणायचे, चुरा पाण्यात टाका, हलकं तरंगेल, जड बुडेल, झालं वेगळं. नलूताई हसायची. “पाण्यात घालून सगळ्यांची परीक्षा होत नाय रे. ह्यो दोघीय बुडतत. हात लावून बघूक होया.” हे वाक्य ती माणसांबद्दलही म्हणायची. कोणाबद्दल म्हणतेय हे आपल्याला कळेपर्यंत तो माणूस तिथून गेलेला असायचा.

एकदा पार्ल्याच्या हॉलमध्ये आमच्या महिन्याच्या बैठकीला मी स्पर्धा ठेवली. डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि हातात दिलेली वस्तू कसली ते ओळखायचं. बाकीचे तिसऱ्या-चौथ्या वस्तूला गारद. नलूताई टिचकी मारून, वाकवून, कानाशी नेऊन पटापट सांगत होती. दुधाची पिशवी, औषधाची डबी, मोटारीच्या दिव्याची काच, बादलीची कडी. शेवटी आमच्यातल्या एका आगाऊ सभासदाने काय करावं? स्वतःची कवळी काढून तिच्या हातावर ठेवली. नलूताईने टिचकी मारली. अंगठा फिरवला. मग शांतपणे म्हणाली, “ह्यो माल अजून वापरात आहे. परत ठेवा. मालक उपाशी मरेल.”

लोक इतके हसले की खालच्या मजल्यावरच्या नाट्यवाचनाला आलेली मंडळी शांततेची विनंती करायला वर आली आणि कारण कळल्यावर तिथेच बसून हसली. त्यांचं नायक-नायिकेचं मीलन त्या दिवशी राहूनच गेलं, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे फक्त पहारेकरी वर आला होता. पण गोष्टीला माणसं लागतात.

आणि तिची ती कार्डं! आमच्या धंद्यात ओळख झाली की पहिली देवाणघेवाण कार्डांची. कोणाचं जाड, कोणाचं सोनेरी कडेचं, कोणाच्या कार्डावर नुसता चौकोन, मोबाइलने वाचायचा. नलूताईने कार्ड कधी छापलं नाही. “छापून परत माझ्याकडेच येणार ना, बाकीच्या कागदासोबत?” ती गाळ्यात आलेली पुठ्ठ्याची खोकी कात्रीने कापायची आणि कोऱ्या बाजूला नाव-नंबराचा रबरी शिक्का मारायची. त्यामुळे पुढून सगळी कार्डं सारखी आणि मागून प्रत्येकाचं नशीब वेगळं. कोणाच्या वाट्याला उदबत्तीचा पुडा, कोणाच्या वाट्याला अर्धं बिस्किट. एका बड्या अधिकाऱ्याला तिने स्टेजवर मोठ्या अदबीने कार्ड दिलं. साहेबांनी उलटं करून वाचलं: ‘पोट साफ न झाल्यास एक चमचा झोपताना कोमट पाण्याबरोबर’. साहेब गंभीर झाले. मी मधे पडलो, म्हटलं, “सर, पुनर्वापर.” साहेबांनी कार्ड खिशात ठेवलं. पुढे वर्षभर भेटले की विचारायचे, त्या चमचावाल्या बाई कशा आहेत?

बुफेच्या वेळी ती जेवणाच्या बाजूला नसायचीच. उष्ट्या ताटांच्या बाजूला उभी. “चमचा इकडे! वाटी तिकडे! अहो सूटवाले, अर्धा गुलाबजाम काय कचऱ्याला नैवेद्य?” पर्यावरणावर तासभर बोललेला माणूस ताट घेऊन तिच्यासमोर आला की शाळेत प्रगतिपुस्तक दाखवायला आल्यासारखा दिसायचा. काहीजण तर तिच्या भीतीने ताट चाटूनपुसून साफ करायचे. माझं जेवण कायम पुरायचं त्याचं हे कारण.

आता जी गोष्ट सांगायची ती माझ्या पहिल्या कार्यक्रमाची. अंधेरीला हॉल घेतला, पाहुणे बोलावले, खुर्च्या मांडल्या. वेळ झाली तरी माणूस नाही. एक पाहुणा, एक मी आणि एक मांजर. पाहुणा घड्याळाकडे बघतोय, मी दाराकडे, मांजर सामोशांकडे. तेवढ्यात जिन्यावर बांगड्यांचा आवाज झाला. नलूताई, मागे शोभा, मागे बाकीच्या दहाजणी. सरळ कामावरून आलेल्या, हाताला लेबलांचा चिकट डिंक तसाच. पुढच्या दोन रांगा भरून बसल्या. पाहुण्याचं भाषण संपलं तेव्हा नलूताईने एकेकीला कोपर मारून प्रश्न विचारायला लावलं. पाहुणा जाताना माझा हात धरून म्हणाला, असा श्रोतृवर्ग मला आजवर मिळाला नव्हता. त्या एका वाक्यावर माझा धंदा उभा राहिला. त्यासाठी तिने गाळा मात्र अर्ध्या दिवसातच बंद केला होता. मी आभार मानायला गेलो तर म्हणाली, “गप रे झिला. रिकाम्या खुर्च्या बघवत नाय माका.”

गेल्या काही वर्षांत जोगेश्वरीची ती गल्ली बदलायला लागली. गाळ्यांच्या जागी टॉवर यायचा ठरला. मालकाने नलूताईला दिवाळीपर्यंत जागा खाली करायला सांगितलं. तिला स्वतःसाठी काही नको होतं, गावी घर होतं, भाऊ होता. पण अकराजणींचं काय? सुट्या सुट्या त्या कुठेही कामाला लागल्या असत्या, झाडूपोछ्याला. साखळी म्हणून मात्र एकच जागा हवी होती. “एका छपराखाली राह्यल्या पाह्यजेत रे,” ती म्हणायची. “हात सुटले की गेला सगळा. परत नाय जमायचा.”

आणि छप्पर होतं. अय्यरच्या कारखान्याने भांडुपला माल निवडायचं नवं केंद्र उभारलं होतं. ते चालवायला त्यांना एक पार्टी हवी होती, स्वतःची माणसं घेऊन येणारी. अय्यर आमच्या वार्षिक मेळाव्याला येणार होता. तिथे भेटीची टेबलं असतात. खरेदीदार टेबलावर बसतो, धंदेवाले दहा-दहा मिनिटं येऊन त्याच्याशी बोलतात, घंटा वाजली की उठायचं. कोणी कधी बसायचं ती यादी करतो मी. नलूताईला मी अय्यरच्या टेबलावर सकाळची साडेअकराची वेळ दिली. तिने तयारीही जोरात केली. बोलण्याची नव्हे, मालाची. अकराजणींनी निवडलेल्या चुऱ्याची एक पिशवी, इतकी स्वच्छ की खडीसाखर म्हणून नैवेद्याला चालली असती.

इथून पुढे मी काही वाढवून सांगत नाही.

मेळाव्याच्या चार दिवस आधी गुप्ते आला. मुलुंडचा मोठा व्यापारी. त्या वर्षीचं जेवण त्याच्याकडून होतं. म्हणाला, “विजू, अय्यरची साडेअकराची वेळ मला दे. त्याचं डोकं ताजं असतं तेव्हा. बाईंना बारा दहाची दे ना.”

“बारा वाजता स्टेजवर सत्कार आहेत,” मी म्हटलं.

“मग झकास! बाईंचाच सत्कार कर. शाल, नारळ, फोटो. एवढी वर्षं राबल्यात. कोणी विचारलंय का त्यांना? बारा ते बारा दहा सत्कार, बारा दहाला खाली उतरतील. साधी गोष्ट आहे यार.”

साधी गोष्ट! दहा मिनिटांत उरकलेला सत्कार मी उभ्या आयुष्यात पाहिलेला नाही. हे मला माहीत होतं आणि गुप्तेला माहीत होतं, आणि आम्हा दोघांना माहीत आहे हेही दोघांना माहीत होतं. तरी मी “बरं” म्हणालो. जेवण त्याचं होतं. आणि मनात कुठेतरी असंही वाटलं, की बाईचा सत्कार म्हणजे काही वाईट तर करत नाही आपण.

नलूताईला सांगायला गेलो तर ती पोट धरून हसली.

“माझो सत्कार? कित्याक? मी मेलंय काय?”

“अगं, मान आहे तुझा.”

“मान बिन ठेव बाजूला. ता अय्यरचा हा ना?”

“आहे गं. वेळ थोडी पुढे गेलीय. सगळं बसवलंय मी.”

मेळाव्याच्या दिवशी ती मोरपंखी साडी नेसून आली. अंधेरीचं हॉटेल, थंडगार हॉल. स्टेजच्या डाव्या हाताला काचेचं दार, त्यापलीकडे भेटीच्या टेबलांची खोली. बारा वाजता मी माईकवरून तिचं नाव पुकारलं. काय काय बोललो! कचऱ्यातून सोनं काढणारी, उपनगराची अन्नपूर्णा. टाळ्या पडल्या. शाल घातली गेली. मग प्रमुख पाहुणे माईकपाशी आले. निवृत्त अधिकारी, जीभ निवृत्त झालेली नव्हती. श्रमाची प्रतिष्ठा ह्या विषयावर त्यांनी सुरुवात केली.

बारा दहा झाले. नलूताई स्टेजवरच्या खुर्चीत, मांडीवर नारळ. तिच्या जागेवरून काचेचं दार सरळ दिसत होतं, आणि दारातून अय्यरचं टेबल. अय्यर एकटा बसला होता. समोरची खुर्ची रिकामी. तिने माझ्याकडे बघितलं आणि मनगटावर बोट ठेवलं, जिथे घड्याळ असतं तिथे. प्रमुख पाहुणे तिच्याचकडे हात करून म्हणत होते, अशा माऊलींना आपण बसायला खुर्ची तरी देतो का?

मला त्यांना चिठ्ठी पाठवता आली असती. काचेच्या दारातून आत जाऊन अय्यरला दोन मिनिटं थांब म्हणता आलं असतं. मी तळहात दाखवला. बस, बस, होतंय.

ती बसली. पाठ टेकून, निवांत.

आत घंटा वाजली. बारा वीसला अय्यरसमोरच्या खुर्चीत दुसऱ्यांदा गुप्ते जाऊन बसला. साडेबाराला अय्यर विमान गाठायला निघाला. प्रमुख पाहुणे संपले तेव्हा एकला पाच मिनिटं कमी होती.

नलूताई खाली उतरली ती सरळ काचेच्या दाराशी गेली. आत कोणी नव्हतं. टेबलावर पाण्याची अर्धी बाटली. ती परत आली. मी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिने शालीचं टोक दोन बोटांत धरून चुरगळलं, कानाशी नेलं.

“विजू,” ती म्हणाली, “ही लोकर नाय. ही बाटली आहे. आपलाच माल.” आणि शाल घडी करून शोभाच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी तिने अय्यरला फोन केला. करार गुप्तेशी झालेला होता. अय्यर मला नंतर म्हणाला, “मी दहा मिनिटं थांबलो. म्हटलं, बाईंना रस नसावा.” मी म्हटलं, “हो, जरा गडबड झाली त्या दिवशी.” एवढंच बोललो मी. एरवी मला गप्प बसवायला माणसं लागतात.

दिवाळीला गाळा गेला. भांडुपच्या केंद्रात गुप्तेने आपली माणसं नेली. अकराजणींतल्या तिघी कुठल्या तरी मॉलमध्ये लागल्या, एक घाटकोपरला मुलीकडे राहायला गेली, दोघींचा पत्ताच लागला नाही. नलूताई माझ्याशी आधी बोलायची तशीच बोलायची. कुठे टोमणा नाही, कुठे अबोला नाही. मी समजूत करून घेतली की तिला काही कळलेलंच नाही. भाषण लांबलं, भेट हुकली, नशीब. ही समजूत मला फार सोयीची होती. तरी तिच्या घरावरून जायचं झालं की मी गल्ली बदलायचो.

ती गावी निघाली त्या दिवशी मात्र गेलो. जोगेश्वरीला हायवेवर मालवणची गाडी थांबते, सकाळी. आज सांगून टाकायचं, असं ठरवून गेलो होतो. ती ट्रंकेवरून हमालाशी भांडत होती. “आपटू नको रे! आत माझी कात्री आहे!” मला बघून म्हणाली, “आलंस? कशाक आलंस? कार्यक्रम नाय आज?” मी म्हटलं, “ताई, एक सांगायचं होतं.” ती म्हणाली, “फोनवर सांग. गाडी सुटता.”

गाडीचा क्लीनर आदल्या फेरीच्या बाटल्या झाडूने दारातून खाली लोटत होता. सात-आठ बाटल्या गडगडत तिच्या पायाशी आल्या. ती सवयीने वाकली. हात अर्ध्यावर गेला. मग तिथेच थांबला. ती हळूच सरळ झाली, पदर नीट केला, बाटल्यांवरून पाय उचलून टाकला आणि गाडीत चढली. खिडकीतून तिने हात केला की नाही ते मला आठवत नाही. मी त्या बाटल्यांकडेच बघत होतो.

फोन मी केला नाही. आज करू, उद्या करू. पावसाळ्यात करू, रेंज नसते. गणपतीत करू, गडबडीत असेल.

गेल्या महिन्यात घाटकोपरच्या एका हॉलमध्ये माझा कार्यक्रम होता. जेवणं झाल्यावर उष्ट्या ताटांच्या बाजूला निळ्या गणवेशातली एक बाई पिशव्या बांधताना दिसली. शोभा. हॉलच्या सफाईत लागली होती. मी हाक मारली. तिने मान हलवली.

“ताई कशी आहे?” मी विचारलं.

“गेल्या. होळीच्या आधी. झोपेतच.”

तिने दुसरी पिशवी उघडली. हॉलमध्ये पुढचा वक्ता माईक तपासत होता. मग माझ्या तोंडून ते निघालंच. ज्याला सांगायचं त्याला सोडून भलत्याला सांगणं हा माझा पिंडच.

“शोभा, मेळाव्यातली ती वेळ मी बदलली होती. जाणूनबुजून. ताईला बिचारीला माहीत नव्हतं.”

शोभाने पिशवीच्या तोंडाला गाठ मारली.

“माहीत होतं. कार्यक्रमाचा कागद मीच वाचून दाखवला, आदल्या दिवशी. म्हटलं, ताई, सत्कार आणि अय्यरची भेट एकावर एक येतंय. तर म्हणाल्या, विजूने लावलंय ना, तो बघेल.”